टीव्हीचा मॉनिटर करायचा, पण अक्षरं फाटू न देता

लॅपटॉपची एचडीएमआय केबल टीव्हीला लावली की चित्र येतं. तिथपर्यंत कुणालाच अडचण नसते. अडचण सुरू होते ती वर्ड किंवा एक्सेल उघडल्यावर. अक्षरांच्या कडांना पांढरी झालर दिसते, टास्कबार अर्धा पडद्याबाहेर गेलेला असतो, माउस हाताच्या मागून रेंगाळत येतो आणि तासाभरात डोळे चुरचुरायला लागतात. मग टीव्ही कामाचा नाही असं ठरवून केबल काढली जाते.

बहुतेक घरांत हा निर्णय घाईचा असतो. एलईडी टीव्हीचा पडदा आणि मॉनिटरचा पडदा मुळात एकाच जातीचे, दोन्ही एलसीडीच. फरक आहे तो टीव्हीच्या आतल्या चिपमध्ये. येणाऱ्या प्रत्येक चित्रावर ती काहीतरी करत असते: ताणते, कडा ठळक करते, रंगांची माहिती वाचवते, दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःची तिसरी घुसवते. क्रिकेटला आणि सिनेमाला हे चालून जातं, अक्षरांना नाही. म्हणून पुढचा सगळा खटाटोप एकाच गोष्टीसाठी आहे: कॉम्प्युटरने पाठवलेला एक पिक्सेल, म्हणजे चित्राचा एक ठिपका, टीव्हीच्या एकाच पिक्सेलवर, कुणीही हात न लावता, जसाच्या तसा उतरला पाहिजे.

आधी आपला टीव्ही नेमका कोणता ते पाहा

खोक्यावर किंवा टीव्हीच्या मागच्या स्टिकरवर मॉडेल नंबर असतो. तो कंपनीच्या साइटवर टाकून रिझोल्यूशन, म्हणजे पडद्यावर आडवे आणि उभे किती पिक्सेल आहेत, ते बघा. आपल्याकडच्या घरांत साधारण तीन प्रकार सापडतात. एचडी रेडी म्हणजे १३६६ × ७६८, फुल एचडी म्हणजे १९२० × १०८०, आणि फोरके म्हणजे ३८४० × २१६०. जाहिरातीत 'फुल एचडी सपोर्ट' असं लिहिलेलं असेल तर सावध व्हा. त्याचा अर्थ एवढाच असू शकतो की टीव्ही तो सिग्नल स्वीकारतो. पडदा मात्र ७६८ ओळींचाच असतो.

आता आकार आणि रिझोल्यूशन यांचा मेळ. कामाला उपयोगी आकडा म्हणजे एका इंचात किती पिक्सेल बसतात. नेहमीच्या २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर ते ९२ च्या आसपास असतात. ३२ इंची एचडी रेडी टीव्हीवर जेमतेम ४९. ३२ इंची फुल एचडीवर ६९. ४३ इंची फुल एचडीवर पुन्हा ५१. आणि ४३ इंची फोरकेवर १०२, म्हणजे चांगल्या मॉनिटरपेक्षाही जास्त. ५५ इंची फोरके ८० वर येतो.

या आकड्यांतून माझं मत सरळ निघतं. टेबलावर ठेवून वाचनाचं, लिहिण्याचं, हिशेबाचं काम करायचं असेल तर ४३ इंची फोरके हा उत्तम टीव्ही. चार साडेएकवीस इंची फुल एचडी मॉनिटर दोनावर दोन असे मांडले, आणि मधल्या कडा काढून टाकल्या, तर जो पडदा होईल तो अगदी हाच. एका बाजूला पीडीएफ, दुसऱ्या बाजूला वर्ड, खाली मोठं एक्सेल, असं सगळं एकदम उघडं ठेवता येतं. ज्यांना दिवसभर दोन-तीन कागद समोरासमोर लावून तपासायचे असतात, त्यांच्यासाठी ही मोठीच सोय आहे.

३२ इंची एचडी रेडीवर ऑनलाइन वर्ग, व्हिडिओ कॉल, यूट्यूब हे दोन मीटरवरून छान दिसतं. त्यावर आठ तास टायपिंग करू नये असंच मी सांगेन. हातभर अंतरावरून त्याचा एकेक ठिपका वेगळा दिसतो. त्यापेक्षा जुना २२ इंची मॉनिटर बरा.

अंतराचा हिशेबही इथेच करून टाकू. साधारण चांगल्या नजरेला ठिपके वेगळे दिसेनासे होतात ते अंतर ४३ इंची फोरकेसाठी सुमारे ८५ सेंटिमीटर, ३२ इंची फुल एचडीसाठी सव्वा मीटर आणि ३२ इंची एचडी रेडीसाठी पावणेदोन मीटरच्या पुढे आहे. नेहमीचं ६० सेंटिमीटर खोलीचं टेबल ४३ इंचाला कमी पडतं. पडदाच जवळजवळ ९५ सेंटिमीटर रुंद असतो, त्यामुळे इतक्या जवळून मान सतत डावी-उजवी करावी लागते. टीव्ही भिंतीवर आणि टेबल भिंतीपासून थोडं पुढे, असं केलं की अंतर सहज सुटतं.

केबल आणि पोर्ट

फुल एचडीसाठी घरात पडलेली कुठलीही बरी एचडीएमआय केबल चालते. फोरकेला मात्र निवड करावी लागते. एचडीएमआय १.४ वर फोरके सेकंदाला ३० वेळाच जातं, यालाच ३० हर्ट्झ म्हणतात. ६० वेळा हवं असेल तर २.० लागतं आणि ते तिन्ही ठिकाणी लागतं: लॅपटॉपच्या पोर्टला, टीव्हीच्या पोर्टला आणि मधल्या केबलला. केबलवर 'प्रीमियम हाय स्पीड' असा उल्लेख बघा. लांबी दोन-तीन मीटरच्या आत ठेवा. पडद्यावर अधूनमधून पांढरे ठिपके चमकत असतील किंवा क्षणभर काळोख होऊन चित्र परत येत असेल, तर आधी केबल बदलून बघा, टीव्हीला दोष नंतर द्या.

लॅपटॉप थोडा जुना असेल तर त्याचं एचडीएमआय पोर्ट १.४ चंच असण्याची दाट शक्यता असते. इंटेलच्या आठव्या-नवव्या पिढीपर्यंतच्या बऱ्याच लॅपटॉपांत असंच होतं. अशा वेळी टाइप-सी पोर्ट मदतीला येतं. टाइप-सी ते एचडीएमआय असं 'फोरके ६० हर्ट्झ' लिहिलेलं अडॅप्टर घेतलं की काम होतं. पण प्रत्येक टाइप-सी पोर्टमधून चित्र बाहेर पडत नाही. पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टचं किंवा थंडरबोल्टच्या विजेचं चिन्ह आहे का बघा, किंवा लॅपटॉपच्या माहितीपत्रकात 'डिस्प्लेपोर्ट अल्टरनेट मोड' हे शब्द शोधा.

अडॅप्टरची दिशा ही खरेदीतली नेहमीची फसगत. जुन्या कॉम्प्युटरच्या निळ्या व्हीजीए पोर्टमधून टीव्हीच्या एचडीएमआयमध्ये जायचं असेल तर 'व्हीजीए ते एचडीएमआय' घ्यायचं. दिसायला सारखंच असणारं 'एचडीएमआय ते व्हीजीए' उलट चालत नाही. व्हीजीएतून आवाज जात नाही, म्हणून अशा कन्व्हर्टरला आवाजाची वेगळी पिन असते. डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआयचंही तसंच, साधं अडॅप्टर एकाच दिशेने चालतं.

टीव्हीची सगळी पोर्टंही सारखी नसतात. काही मॉडेलमध्ये एखाद-दोन पोर्टंच पूर्ण वेगाची असतात आणि त्यांच्याशेजारी बारीक अक्षरांत 'फोरके ६० हर्ट्झ' छापलेलं असतं. शिवाय त्या पोर्टचा पूर्ण वेग मेनूतून चालू करावा लागतो. सॅमसंगमध्ये याला 'एचडीएमआय यूएचडी कलर' किंवा 'इनपुट सिग्नल प्लस' म्हणतात, एलजीमध्ये 'एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर', सोनीमध्ये एचडीएमआय सिग्नल फॉरमॅटखाली 'एनहान्स्ड'. केबलही बरोबर, पोर्टही बरोबर आणि तरी ३० हर्ट्झच दिसतंय, असं असेल तर हा खटका बंद असतो.

जोडणी

दोन्ही यंत्रं बंद असताना केबल लावा. यामागे विजेचं कारण आहे, ते शेवटी सांगतो. मग टीव्ही चालू करा, रिमोटवरून बरोबर सोर्स निवडा आणि त्यानंतर कॉम्प्युटर सुरू करा. टीव्ही आपली क्षमता कॉम्प्युटरला कळवतो आणि त्यावरून कॉम्प्युटर रिझोल्यूशन ठरवतो. म्हणून टीव्ही आधी जागा असलेला बरा.

विंडोजमध्ये विंडोज बटण आणि पी एकत्र दाबा. चार पर्याय येतील. 'डुप्लिकेट' निवडू नका. त्यात लॅपटॉपच्या छोट्या पडद्याचं रिझोल्यूशन टीव्हीवर लादलं जातं आणि फोरके टीव्हीसुद्धा गढूळ दिसायला लागतो. टीव्ही खराब दिसतो म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांची गाडी इथेच अडलेली असते. 'सेकंड स्क्रीन ओन्ली' किंवा 'एक्स्टेंड' घ्या. लॅपटॉप मिटून ठेवायचा असेल तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण बंद केल्यावर काय करायचं, तिथे 'डू नथिंग' करा. ज्या लॅपटॉपची गरम हवा बिजागरीच्या बाजूने बाहेर पडते, तो पूर्ण न मिटता थोडा उघडा ठेवावा.

मग सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले इथे जाऊन रिझोल्यूशन टीव्हीच्या मूळ आकड्यावर आहे ना ते बघा. तिथेच खाली 'अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले'मध्ये रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र जातं तो आकडा, असतो. आपल्याकडचं प्रक्षेपण ५० हर्ट्झचं, त्यामुळे टीव्ही ५० आणि ६० दोन्ही आकडे देतो आणि कधी कधी विंडोज ५० उचलतं. ६० करा. ३० वर असेल तर माउसचा बाण उड्या मारत जाताना डोळ्यांनी दिसतो. आकड्यापुढे 'आय' किंवा 'इंटरलेस्ड' असेल तर तो पर्याय कामाचा नाही.

अक्षरं बारीक वाटली म्हणून रिझोल्यूशन कमी करायचं नाही. हे मी आग्रहाने सांगतो, कारण सवयीने हात तिथेच जातो. रिझोल्यूशन कमी केलं की टीव्ही चित्र ताणतो आणि सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं. त्याऐवजी 'स्केल' वाढवा. ४३ इंची फोरकेवर १०० ते १२५ टक्के, सव्वा मीटरवरच्या ५५ इंचीवर १५० टक्के. अक्षरं मोठी होतात आणि धारही टिकते.

एचडी रेडी टीव्हीवाल्यांसाठी एक वेगळी युक्ती. हे टीव्ही एचडीएमआयवर बहुधा ७२० आणि १०८० एवढेच आकडे मान्य करतात, कारण प्रक्षेपणाचे ठरलेले आकडे तेच. पडदा मात्र ७६८ चा. म्हणजे काहीही पाठवलं तरी तो ताणणार किंवा दाबणारच. पण अशा अनेक जुन्या टीव्हींना मागे व्हीजीए पोर्ट आहे आणि त्यावर १३६० × ७६८ मिळतं. लॅपटॉपला व्हीजीए असेल तर जुनी केबल लावून बघा. एरवी मागासलेली वाटणारी ही केबल इथे एचडीएमआयपेक्षा स्वच्छ अक्षर देते.

कडा कापल्या जातात त्याचं काय

टास्कबार खालून कापला जाणं याला ओव्हरस्कॅन म्हणतात. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत चित्राच्या कडा वेड्यावाकड्या यायच्या, म्हणून चित्र थोडं मोठं करून कडा चौकटीमागे लपवायचे. पडदे सपाट झाले, सवय राहिली. अनेक टीव्ही आजही दोन ते पाच टक्के चित्र कापून उरलेलं ताणतात.

उपाय टीव्हीच्या बाजूने करायचा. चित्राच्या आकाराच्या मेनूत सॅमसंगवर 'फिट टू स्क्रीन' किंवा जुन्या मॉडेलवर 'स्क्रीन फिट', एलजीवर 'जस्ट स्कॅन', सोनीवर डिस्प्ले एरियात 'फुल पिक्सेल', शार्पसारख्या काहींवर 'डॉट बाय डॉट' असा शब्द असतो. अँड्रॉइड टीव्हींमध्ये अ‍ॅस्पेक्ट रेशो किंवा ओव्हरस्कॅन या नावाखाली शोधा. रिमोटवर 'पी साइझ' किंवा 'झूम' असं बटण असेल तर ते दाबत जाऊनही हा पर्याय सापडतो.

इंटेल, एएमडी आणि एनव्हिडिया या तिघांच्याही ग्राफिक्स सॉफ्टवेअरमध्ये चित्र आकसून घ्यायची पट्टी असते. ती अगदी शेवटचा इलाज. त्याने टास्कबार दिसतो, पण आता कॉम्प्युटर चित्र दाबतो आणि टीव्ही ते पुन्हा ताणतो. दोनदा ढवळलेलं अक्षर स्वच्छ राहणं शक्य नाही.

झालं की नाही ते असं तपासा. पेंटमध्ये टीव्हीच्या मूळ आकाराचं पान घ्या आणि त्यावर एक पिक्सेल काळी, एक पिक्सेल पांढरी अशा आडव्या रेघांचा छोटा ठोकळा बनवा. चार रेघा काढून कॉपी-पेस्ट करत गेलात की दोन मिनिटांत होतो. स्केल तात्पुरतं १०० टक्के ठेवून पेंटमध्येही १०० टक्क्यांवर तो बघा. सगळीकडे सारखा राखाडी दिसला तर पिक्सेलवर पिक्सेल बसलाय. मध्ये जाड-बारीक पट्टे, लाटा दिसल्या तर कुठेतरी अजून ताणाताण चालू आहे.

टीव्हीला सांगा, समोर कॉम्प्युटर आहे

आता सगळ्यात मोलाची पायरी, आणि बहुतेकांना माहीत नसलेली. टीव्ही चित्राचा उजेड पूर्ण तपशिलात ठेवतो, पण रंगाची माहिती शेजारच्या पिक्सेलमध्ये वाटून टाकतो. सिनेमात हे लक्षातही येत नाही. पण लाल शाईतल्या शेऱ्याचं अक्षर एक-दोन पिक्सेल जाडीच्या रेषेने बनलेलं असतं, तिथे रंग शेजारी सांडतो आणि अक्षर लोकरीसारखं दिसतं. तांत्रिक भाषेत पूर्ण रंगाला ४:४:४ आणि वाचवलेल्या रंगाला ४:२:२ किंवा ४:२:० म्हणतात. आपल्याला ४:४:४ हवं.

सॅमसंगवर सोर्सच्या यादीत त्या एचडीएमआयवर जाऊन 'एडिट' करा आणि प्रकार 'पीसी' निवडा. एलजीवर होम डॅशबोर्डमधून इनपुट एडिट करून पीसीचं चिन्ह लावा. सोनीवर पिक्चर मोड 'ग्राफिक्स' किंवा 'गेम' ठेवा. इतर कंपन्यांच्या टीव्हीत पिक्चर मोडमध्ये 'पीसी', 'मॉनिटर' किंवा निदान 'गेम' असतो. नुसतं नाव बदलल्यासारखं वाटतं, पण या एका बदलाने टीव्ही आपली निम्मी ढवळाढवळ थांबवतो. सॅमसंगमध्ये तर चित्राचे बरेच पर्याय आपोआप फिके होऊन बंदच पडतात, ते घडलं की समजा जागा बरोबर लागली.

परीक्षेसाठी देवनागरीसारखी लिपी नाही. वर्डमध्ये गडद निळं पान करा आणि त्यावर लाल रंगात, निर्मला यूआय फाँट, ११ पॉइंट, असे शब्द टाइप करा: उद्ध्वस्त, राष्ट्र, कुऱ्हाड, कर्तृत्व, शृंगार, अपरिहार्य. आता बघा: 'ऱ्ह'मधला अर्धचंद्र सुटा दिसतो का? 'र्तृ'वरचा रफार शिरोरेषेत विरघळलाय का? 'द्ध्व'च्या पोटातल्या गाठी उघड्या आहेत की भरून गेल्यात? पूर्ण रंग येत असेल तर लाल अक्षर निळ्यावर थोडं त्रासदायक पण रेखीव दिसतं. रंग वाचवला जात असेल तर अनुस्वार डागासारखा पसरतो आणि आडव्या शिरोरेषेची जाडी जागोजागी बदलते. इंग्रजी अक्षरं अशा वेळी कशीबशी वाचता येतात, जोडाक्षरं नाही. मराठीतून काम करणाऱ्याने ही पायरी सोडूच नये.

पीसी मोड लावूनही डाग राहिले तर कॉम्प्युटर काय पाठवतोय ते पाहा. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'चेंज रिझोल्यूशन'खाली आउटपुट कलर फॉरमॅट 'आरजीबी' करा. एएमडीत पिक्सेल फॉरमॅट 'आरजीबी ४:४:४ पीसी स्टँडर्ड' घ्या.

त्याच जागी काळ्या-पांढऱ्याचा घोळही मिटवता येतो. कॉम्प्युटर काळा ० आणि पांढरा २५५ मानतो. टीव्हीच्या दुनियेत काळा १६ आणि पांढरा २३५. दोघांचं एकमत नसेल तर दोनपैकी एक होतं. एक तर काळा रंग राखाडी आणि अख्खं चित्र धुरकट दिसतं, नाहीतर गडद भाग काळ्यात बुडतात आणि एक्सेलच्या फिक्या राखाडी रेघा आणखी फिक्या पडतात. कॉम्प्युटरवर एनव्हिडियात 'आउटपुट डायनॅमिक रेंज' आणि इंटेलमध्ये 'क्वांटायझेशन रेंज' फुल करा. टीव्हीवर 'एचडीएमआय ब्लॅक लेव्हल' सॅमसंगमध्ये 'नॉर्मल', एलजीत 'हाय', सोनीत डायनॅमिक रेंज 'फुल'. ताळा करायचा तर पेंटमध्ये काळ्या पानावर लाल, हिरवा, निळा तिन्ही आकडे १० असलेला चौकोन भरा आणि पांढऱ्या पानावर तिन्ही २४५ असलेला. दोन्ही चौकोन अगदी पुसट का होईना दिसले पाहिजेत.

आता उरलेले खटके. शार्पनेस खाली आणा. अक्षराभोवतीची पांढरी झालर या एका सेटिंगमुळे येते. सॅमसंगमध्ये तटस्थ जागा ० आहे, सोनीत मधला ५०. सोनीत ० केलंत तर उलट धूसर होईल. नॉइज रिडक्शन, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, लोकल डिमिंग, उजेडाप्रमाणे आपोआप बदलणारी ब्राइटनेस, सगळं बंद. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट चालू असताना पांढरा वर्ड मिटून काळी विंडो उघडली की पडदा श्वास घेतल्यासारखा कमी-जास्त होतो, दिवसभर ते सहन होत नाही. मोशन स्मूदिंगही बंद. सॅमसंगमध्ये त्याचं नाव ऑटो मोशन प्लस, एलजीत ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो. माउस रेंगाळण्याचं मुख्य कारण हेच असतं: मधल्या फ्रेम बनवायला टीव्ही पुढची फ्रेम येईपर्यंत थांबतो. ६० हर्ट्झवर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. अशा तीन-चार साठल्या की हाताला लगेच कळतं. पीसी मोडमध्येही माउस जड वाटला तर गेम मोड लावा.

शेवटी विंडोजच्या स्टार्टमध्ये 'क्लिअरटाइप' (अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणारी सोय) शोधून त्याच्या पायऱ्या टीव्हीवर बघत पूर्ण करा. काही टीव्ही पॅनेलमध्ये लाल-हिरवा-निळा हा क्रम उलटा असतो, त्यामुळे अक्षराच्या एका बाजूला लालसर आणि दुसऱ्या बाजूला निळसर कड दिसते. क्लिअरटाइपमध्ये जो नमुना सगळ्यात कमी रंगीत दिसेल तो निवडा. उलट्या क्रमावर तरीही समाधान झालं नाही तर क्लिअरटाइप सरळ बंद करा, काळी-पांढरी कड रंगीत कडेपेक्षा बरी.

डोळे आणि मान

दुकानात उठून दिसावं म्हणून टीव्ही भडक असतात. 'व्हिविड' किंवा 'डायनॅमिक' मोडमधला टीव्ही हातभर अंतरावरून बघणं म्हणजे ट्यूबलाइटकडे टक लावून बसण्यासारखं आहे. बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा उजेड, कमी करा. टीव्हीशेजारी एक पांढरा कागद धरा आणि वर्डचं कोरं पान साधारण त्या कागदाइतकंच उजळ दिसेपर्यंत खाली या. कलर टोन 'वॉर्म' किंवा 'स्टँडर्ड' ठेवा, 'कूल'मधला निळसर पांढरा संध्याकाळी खुपतो. काही टीव्ही बॅकलाइट फार कमी केला की सूक्ष्म लुकलुकतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघताना पडद्यावर सरकणाऱ्या पट्ट्या दिसल्या आणि डोकं दुखत असेल, तर बॅकलाइट थोडा वर घेऊन खोलीतला उजेडच वाढवा.

हॉलमधला टीव्ही सोफ्यावरून बघायला टांगलेला असतो, बहुतेक घरांत गरजेपेक्षा वर. त्याच उंचीवर रोज काम केलंत तर मान आठवड्यात सांगेल. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली हवी. ४३ इंची पडदा स्वतः ५३-५४ सेंटिमीटर उंच असतो, त्यामुळे तो त्याच्या मूळ पायांवर टेबलावर ठेवला की उंची जवळपास जमते. मुख्य काम मध्यभागी, खालच्या दोन तृतीयांशात करा. वरचे कोपरे मेल, गाणी, घड्याळ यांना द्या. खिडकी पडद्याच्या समोर किंवा मागे नसावी, बाजूला असावी. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद बघायचा नियम मोठ्या पडद्याला जास्तच लागू आहे.

उरलेल्या गोष्टी

आवाज: एचडीएमआयमधून टीव्हीकडे जातो. टास्कबारच्या स्पीकरवर क्लिक करून आउटपुट टीव्हीचं नाव निवडा. व्हिडिओ कॉलसाठी मात्र हेडफोनच लावा, नाहीतर टीव्हीचा आवाज लॅपटॉपच्या माइकमध्ये घुमतो.

वायरलेस: विंडोज बटण आणि के दाबून वायरलेस जोडणी होते. फोटो दाखवायला, लग्नाचा व्हिडिओ बघायला ठीक. चित्र दाबून पाठवलं जातं आणि उशिरा पोचतं, म्हणून टायपिंगला बिनकामाची.

आपोआप बंद होणं: अनेक टीव्ही चार तास रिमोट दाबला नाही की कुणी बघत नाही असं धरून बंद होतात. टायमर किंवा पॉवर सेव्हिंगच्या मेनूत 'ऑटो पॉवर ऑफ' बंद करा. उलट बाजूही आहे: कॉम्प्युटर झोपला की मॉनिटर लगेच झोपतो, टीव्ही मात्र 'नो सिग्नल' दाखवत बराच वेळ जळत राहतो. काम संपलं की रिमोट हातात घ्यायची सवय लावा.

वीज: टीव्हीच्या मागच्या स्टिकरवर वॅट लिहिलेले असतात. १०० वॅटचा टीव्ही आठ तासांत ०.८ युनिट घेतो, २५ वॅटचा मॉनिटर ०.२. महिन्याला २५ दिवस धरले तर फरक १५ युनिटांचा. रोजचं काम असेल तर हा खर्च धरूनच निर्णय घ्या. बॅकलाइट कमी केला की टीव्हीचा आकडाही बराच खाली येतो.

ओएलईडी टीव्ही असेल तर टास्कबार आपोआप लपणारा ठेवा, गडद वॉलपेपर आणि गडद थीम घ्या आणि तीच विंडो दिवसभर एकाच जागी उघडी ठेवू नका. न हलणारी चित्रं त्या पडद्यावर कायमची उमटू शकतात. दिवसभर एक्सेलच वापरायचं असेल तर ओएलईडी घेऊ नये, साधा एलईडीच बरा.

आणि आता ती विजेची गोष्ट. जिथे अर्थिंग नीट नाही, तिथे डेस्कटॉपच्या कॅबिनेटला किंवा चार्जिंगवरच्या धातूच्या लॅपटॉपला हात लावला की मुंग्या येतात. टीव्हीला बहुधा दोन पिनांचा प्लग असतो आणि त्याच वेळी डिश किंवा केबलची तार बाहेरून येऊन त्याला जोडलेली असते. अशी दोन यंत्रं चालू असताना एचडीएमआयने जोडली तर दोघांमधल्या विजेच्या दाबाच्या फरकामुळे त्या नाजूक पोर्टमधून वीज वाहते आणि पोर्ट जळू शकतं. म्हणून दोन्ही यंत्रं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर, तीन पिनांच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटला लावा. अर्थिंग आहे की नाही ते वायरमनकडून तपासून घ्या. केबल लावताना-काढताना प्लग काढलेले असू द्या. एप्रिल-मेमधल्या वळवाच्या पावसात, किंवा कोकणात मृगाच्या तोंडावर, गडगडाट ऐकू आला की नुसतं बटण बंद करून भागत नाही. गच्चीवरच्या छत्रीची तार सेट टॉप बॉक्समधून टीव्हीत आणि टीव्हीतून एचडीएमआयने थेट तुमच्या लॅपटॉपपर्यंत पोचलेली असते. छत्रीची तार, दोन्ही प्लग आणि इंटरनेटची तांब्याची तार असेल तर तीही काढून ठेवा. पण ढग डोक्यावर येऊन पोचले असतील तर तारांना हात लावू नका, हे काम पहिला गडगडाट लांबवर असतानाच उरकायचं.